उन्हात मुरवलेला खंबा

मी खंबा बोलतोय. अख्ख्या परळीत माझ्याएवढं शिकलेलं काचेचं भांडं दुसरं नाही. शिकलेलं म्हणजे काय, पोटावरच्या लेबलावर सहा ओळी छापलेल्या होत्या. त्यातल्या चार मला वाचता येत नव्हत्या, आणि उरलेल्या दोन वाचायच्या आत शिवशरणनं पहिल्याच दिवशी अख्खं लेबल नखानं खरवडून टाकलं.

खंबा म्हणजे दारूची पुरी बाटली. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी आपलं सोंग खुशाल चालू ठेवावं. भट्टीत जन्मलो, पोटात रम भरून घेतली आणि स्टेशनाजवळच्या दुकानात फळीवर उभा राहिलो. तिथं मान होता. पण माझ्या नशिबी शिवशरण आला.

हा भांड्यांचा दुकानदार. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि मुठीत नाणं असं घट्ट की त्यावरचं साल तळहातावर उमटावं. त्याच्या पोरीचा, रुद्राणीचा, साखरपुडा ठरला होता. व्याही वडवणीचे अमरनाथआप्पा. त्यांनी बोलणीतच बजावलं होतं, 'ज्या घरात दारूचा थेंब सापडंल, तिथं आमी पानी बी पिनार न्हाई.' शिवशरणच्या बायकोनं, उमाबाईनं, तीन वर्षं वणवण करून हे स्थळ मिळवलं होतं. पोरीला पोरगा आवडला होता, हे त्याहून अवघड काम.

साखरपुड्याला व्हॅनिलाचं आईस्क्रीम हवं होतं, कारण वडवणीकरांनी ते टीव्हीवर बघितलं होतं. पॉट भाड्यानं मिळाला, दूध घरचं. पण इसेन्सची शिशी विकत आणायची म्हटल्यावर शिवशरणनं कनवटीची गाठ आणखी आवळली.

त्याचा साडू केदारनाथ कर्नाटकात कॉफीच्या मळ्यावर मुकादम. त्यानं मागं कधी व्हॅनिलाच्या शेंगा दिल्या होत्या, वाळलेल्या गांडुळासारख्या काळ्या. त्यांचा इसेन्स घरीच कसा करायचा हे विचारायला शिवशरणनं एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. साडू म्हणाला, 'शेंगा उभ्या चिरा, दारूत बुडवा, मग...' तेवढ्यात मीटरवरचा आकडा पळाला आणि आमच्या शेटनं फोन ठेवला. झाकण घट्ट लावा आणि अंधारात ठेवा, हे सगळं त्या 'मग'च्या पलीकडं राहिलं.

दारूच्या दुकानात शिरायची त्याची छाती नव्हती. थर्मल वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवरच्या सटवाला पाठवलं. सटवानं मला गोणपाटात गुंडाळून आणलं. वाटेत दोन घोट मारले. त्याला तो हमाली म्हणतो.

शेंगा पोटात गेल्या आणि उमाबाई समोर उभी. लेबल नव्हतं, पण बाईला नाक होतं.

'ह्यात काय हाय?'

'खोकल्याचा काढा. मुरवायचा हाय. कसं मुरवतेत गं?'

उंबऱ्यात आलेल्या विंचवाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मग आवाज गोड केला. त्या घरात तिचा आवाज गोड झाला की मांजरसुद्धा बाहेर पडतं.

'उन्हात ठेवा. झाकन नगं, कोंडतंय. तोंडाला पातळ फडकं बांधा. चाळीस दिस.'

लोणच्या-मुरंब्यात त्या घरात शब्द तिचाच. शिवशरणनं मला गच्चीवर मांडलं. एप्रिलचं परळीचं ऊन, वरून थर्मलची राख. माझं पोट रोज तापायचं आणि रम फडक्यातून वाट काढून आभाळात जायची. शेजारचा सायकलवाला जलालुद्दीन भिंतीवरून म्हणाला, 'शिवशरणभाय, तुमच्या गच्चीवरच्या माशा आज वाकड्या कावून उडायल्या?'

'तू तुझं पंक्चर बघ बे.'

'बघायलोच की. पर आज चाकं बी झुलायलीत.'

रोज पातळी उतरायची. शिवशरणचा पहिला संशय सटवावर, दुसरा माकडांवर, तिसरा माझ्यावर. मला उचलून बूड चाचपलं. अरे गाढवा, बूड शाबूत होतं. गळत होतं तुझं डोकं. मग कमी झालं तेवढं पाणी तो वरून घालायचा. चाळीस दिवसांत माझ्या पोटातली सगळी अब्रू उडून गेली. उरलं तपकिरी पाणी, वास ओल्या पोत्याचा.

साखरपुड्याच्या सकाळी तो मला दुधात उलटं करणार, तोच उमाबाईनं मला हिसकावलं. 'तुमी पॉट फिरवा. घालायचं मी बघते.' तिनं मला मोरीत रिकामं केलं आणि पदराआडून बाजारच्या इसेन्सची शिशी काढली.

आप्पांनी तीन वाट्या खाल्ल्या. कुंकू लागलं, साखर वाटली गेली.

सध्या मी मोरीतच असतो. पोटात फिनेल. कोणी माझ्याकडं बघून हसत नाही, रडत नाही, फक्त नाक धरतं. वाचकहो, पैसा जरूर वाचवा, पण फोन पुरता ऐकून ठेवा. एवढीच या म्हाताऱ्या काचेची विनवणी. आणि निघण्याआधी त्या दुपारचं भांडण तेवढं ऐकून जा.

पाहुणे ओसरीवर पान खात होते. शिवशरण छाती फुगवून आत आला.

'बघितलंस? इसेन्सला एक पैसा गेला न्हाई. आता भाईर जाऊन सांगतोच, ही माझी करनी हाय म्हनून.'

उमाबाईनं रिकामी शिशी त्याच्यापुढं आपटली. 'ही बाजारची. तुमचा काढा मोरीत गेला.'

त्याचं तोंड उतरलं, मग तापलं. 'म्हंजे तुला ठावं होतं?'

'पहिल्याच दिशी. दारू घरातनं उडून जावी म्हनूनच फडकं बांधाया सांगितलं.'

'मग तवाच बोलली कावून न्हाईस? चाळीस दिस मला गच्चीवर नाचवलंस, उमे. माझ्या मेहनतीला काय किंमतच न्हाई?'

'हाय की. भाईर आप्पा विचारायलेत, एवढा झ्याक वास कसा जमवला म्हनून. जावा, सांगा त्यांना. खंब्यापासनं सुरू करा.'