दोन ठोके

आमच्या धुलाईखान्यात एक रीत आहे. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं आणि वाफेवर निघतं. वाफ येते भिंतीपलीकडच्या बॉयलरच्या खोलीतून. इस्त्रीच्या मोठ्या टेबलापाशी, आमच्या बाजूला, तिचा व्हॉल्व्ह आहे. तो बंद केला की बंद करणारीनं पाइपवर पान्यानं एक ठोका द्यायचा. मग पलीकडून बॉयलरवाले काका दोन ठोके देतात, ठक-ठक. म्हणजे कळलं, आता पुढचं माझ्याकडे. ते दोन ठोके ऐकल्याशिवाय टेबलाला कुणी हात लावत नाही.

आणि व्हॉल्व्ह नुसता बंद करून भागत नाही. बंद करायचा, जरासा उघडायचा, म्हणजे आत अडकलेला कचरा वाफेनं उडून जातो, आणि मग घट्ट आवळायचा. बंद, उघड, बंद. इतकी वर्षं हे केल्यावर हाताला तेच वळण पडलं. घरच्या गॅसलाही मी तेच करायची. शेगडीचं बटण बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मग दोन्ही उघडून कान लावायचा, आणि पुन्हा दोन्ही बंद. घरच्या गॅसमध्ये कसला डोंबलाचा कचरा अडकणार? पण जित्याची खोड!

कामावर मला 'तपासणीस बाई' म्हणतात. म्हणेनात का. नवरा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर. घरी कोण, तर माझी दोन वर्षांची चिमणी आणि सासूबाई. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे कायम धुकं, आणि मागच्या आजारपणात नाकाचा वासही गेला. दूध जळून कोळसा झालं तरी त्यांना पत्ता नसतो. अशा बाईच्या भरवशावर लेकरू टाकून रोज कामाला जायचं म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही तर काय होईल?

म्हणून मी निघण्याआधी सगळं बघायची. गॅस, नळ, खिडक्या, मागच्या गॅलरीच्या दाराची कडी. मग पुन्हा एकदा गॅस. जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत घरी यायची, परत सगळं बघायची आणि दोन घास तोंडात कोंबून पळायची.

सासूबाई हसायच्या. "अगं, प्रभू आहे ना घरात."

"प्रभू काय गॅस बंद करायला येणार आहे, आई?" मी फाडकन म्हणायची.

"तो भिंतीपलीकडचा बॉयलरवाला तुला दिवसातून कितीदा दिसतो?"

"दिसतो कशाला? त्याचं काम तो करतो."

"तरी दिवसभर त्याच्या वाफेशेजारी उभी राहतेस ना तू?" एवढं बोलून त्या चिमणीचे केस विंचरायला लागायच्या. मला असा राग यायचा की सांगता सोय नाही.

आणि मग घरात ते सुरू झालं.

एकदा दुपारी आले तर सकाळी ओट्याच्या कडेला राहिलेली सुरी आत सरकवलेली, पातं भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी शेगडीवर अर्धवट लोंबणारं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. घडीही कशी, तर आमच्या धुलाईखान्यातल्यासारखी, कडेला कड जुळवून. सासूबाईंना तशी घडी घालता येत नाही, त्या नुसता बोळा करतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी नाही गं हात लावला."

मग एके दिवशी रेग्युलेटर तपासायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. तो गरम होता. चटका बसेल असा नाही, कुणी बराच वेळ मुठीत धरून आत्ताच सोडावा तसा. स्वयंपाकघरात ओल्या गरम कापडाचा वास येत होता. आमच्या कामाच्या जागी येतो ना, तोच. मी पलंगाखाली बघितलं, कपाटं उघडली, दारामागे बघितलं. चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीत चिमणी दाराकडे तोंड करून बसली होती आणि स्वयंपाकघराकडे बघून खुदुखुदू हसत होती.

"आई, घरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मधूनच ठकठक वाजतं बघ आत. दोनदा. मला वाटलं, वरच्या मजल्यावर काहीतरी काम चाललंय."

ठोक्यांचं मी घरी कधी बोलले नव्हते. बॉयलरवाले काका त्यांना ऐकून माहीत होते, पण ठोके नाहीत.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच गुडघे टेकायचे होते. छे! मी कुलूप बदललं. किल्ली एकच ठेवली, ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काही झालं तर आम्ही बाहेर कसं पडायचं?" मी म्हटलं, "काही होऊ नये म्हणूनच लावतेय." वर हेही सुनावलं की त्या वस्तू हलवतात आणि विसरतात, आता महिनाअखेरीला त्यांना नणंदेकडे पाठवते आणि चिमणीला पाळणाघरात घालते. थोड्या वेळानं चिमणीचा झगा छातीशी धरून त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना चालली होती. मला वाईट वाटलं, पण शब्द काही मी मागे घेतला नाही.

त्या सकाळी मी नेहमीसारखी गॅसपाशी होते. बंद केला. कान लावायला बटण आणि रेग्युलेटर दोन्ही उघडली, तेवढ्यात फोन वाजला. जहाजावरचा फोन, कधी तुटेल याचा नेम नसतो. मी धावले. सासूबाईंना पाठवायचं मी नवऱ्याला आधीच कळवलं होतं. तो म्हणाला, "आईला पाठवू नकोस गं." मी भडकले. म्हटलं, इथे येऊन राहा आणि मग शिकव. फोन तुटला. मी तणतणत खिडक्या लावल्या, जाता जाता गॅलरीच्या दाराला वरची कडी घातली आणि ओरडले, "येते हो!" कुठूनतरी "ये गं" ऐकू आलं. कुठून, ते बघितलंही नाही. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि निघाले.

दुपार व्हायला अजून अवकाश होता. मी टेबलाचा व्हॉल्व्ह बंद केला, उघडला, बंद केला, पाइपवर ठोका दिला आणि थांबले. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा ठोका दिला. तरी नाही. शेजारची घडीवाली म्हणाली, "अगं, किती ठोकतेस? दोन्ही वेळा काकांनी दिले की ठोके."

"कधी दिले?"

"आत्ताच. बहिरी झालीस का?"

मी मागे बॉयलरच्या खोलीत गेले. काका स्टुलावर बसले होते, हातात पाना. "दिले की मी," ते म्हणाले. "तुला नाही ऐकू आले?"

आणि त्या क्षणी मला माझा हात आठवला. बंद, उघड... आणि पुढचं बंद कुठेच आठवेना. मी अंगावरचा एप्रनही न काढता पळत सुटले. रस्ताभर तोंडातून एकच निघत होतं, बापा, बापा, बापा. यापेक्षा लांब प्रार्थना मला सुचली नाही.

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली एकदम लागेना. दार उघडलं तर आतून वाऱ्याचा झोत अंगावर आला. मी घट्ट लावलेल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे फडफडत होते. गॅसचा वास होता, पण विरत आलेला. शेगडीचं बटण मी ठेवलं होतं तसंच पूर्ण उघडं. फ्रिज आपला घुरघुरत होता. एक ठिणगी पुरली असती. आणि खाली रेग्युलेटर बंद होता, घट्ट. मी हात लावला. गरम.

आतल्या खोलीत कुणी नव्हतं. "आई! चिमणे!"

काचेवर टकटक झाली. गॅलरीच्या दारापलीकडे दोघी होत्या. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, चिमणी काचेला नाक लावून उभी. सकाळी तिला कबुतरं बघायची होती म्हणून त्या तिला घेऊन बाहेर गेल्या, आणि मागून मी कडी घातली. मागे गोदामाची आंधळी भिंत, हाका मारून ऐकणार कोण? मी गॅस उघडा टाकला होता आणि मीच त्या दोघींना गॅसबाहेर कोंडलं होतं. आतून घातलेली ती वरची कडी अजून तशीच होती.

काचेवर बाहेरून चिमणीचा चिमुकला तळवा उमटला होता. बरोबर त्याच्यासमोर, आतल्या बाजूनं, वाफ धरल्यासारखा एक मोठा तळवा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो कडेकडेनं विरत गेला.

मी कडी काढली. सासूबाई रागावल्याच होत्या. "मघाशी आलीस, सगळ्या खिडक्या उघडत फिरलीस, मग आम्हाला का नाही उघडलंस? किती हाका मारल्या! ओ नाही की ठो नाही."

"आई, मी नव्हते ती."

"मग कोण? काचेतून मला हालचाल दिसली की. पांढरं काहीतरी. खाली वाकलं, मग ठकठक वाजलं, दोनदा. नंतर इथे आलं आणि कितीतरी वेळ उभं होतं. चिमणी हसत होती." बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी धुकट डोळे लावले आणि हळूच माझा हात धरला.

मी फरशीवर बसून ढसाढसा रडले. चिमणीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडायला लागली. "तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. "बंद घरात कोण येऊन गेलं, ते ठाऊक नाही!"

"वाटते की," त्या म्हणाल्या. "तो इतका जवळ आला तर कुणालाही वाटेल. पण भीती वाटते म्हणून त्यालाच चोर समजायचं का गं?"

त्या दिवशी मी पुन्हा कामावर गेले नाही. नणंदेला फोन करून कळवलं की आई कुठेही जाणार नाहीत. दाराची दुसरी किल्ली करून आणली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चहा टाक आधी." शेगडी पेटवताना माझाच हात अडखळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी दोघी आतल्या खोलीत आहेत, हे मी डोळ्यांनी बघून घेतलं. एवढं तर माझं काम आहेच. मग बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला. हात पुन्हा उघडायला वळवळत होता. मी तो पदरात गुंडाळला. पण नुसतं निघवेना. शेवटी न राहवून सांडशी उचलली, ओट्यावर एक ठोका दिला आणि बाहेर पडले.

दार ओढून जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागे रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला. ठक-ठक.

कठडा घट्ट धरून मी तशीच उभी राहिले. भीती गेली असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण मी परत वर गेले नाही. "बरं," मी म्हटलं, आणि कामाला गेले.