बायडाबाईचं मुंगूस

मी एक जुना माईक आहे. दीड वीत लांब, रंगाने काळा, आणि अंगावर करड्या केसांचं कातडं. सभेत पुढारी तोंडापुढे धरतात तो गोल डोक्याचा माईक वेगळा, मित्रांनो. त्याचं काम लोकांच्या कानावर आदळण्याचं. माझं काम ऐकण्याचं. सिनेमा काढताना मला काठीला बांधून बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरतात आणि मी ऐकलेलं सगळं यंत्रात उतरतं. सिनेमाच्या मुहूर्ताला सगळे कॅमेऱ्याला हार घालतात, त्याच्यापुढे नारळ फोडतात. माझ्यापुढे आजवर कुणी खोबऱ्याचा तुकडासुद्धा ठेवला नाही. असो. माझं त्यावाचून काही अडलं नाही.

माझा जन्म म्हणे परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नगरजवळच्या भिंगारच्या बाजारपेठेत, सूर्यभानच्या फोटो स्टुडिओत. सूर्यभान लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचा. लग्नात मी काय काय ऐकलं म्हणून सांगू? नवरदेवाच्या मामाची कुरकुर, जिलबी संपत आल्याची कुजबूज, पाठवणीच्या वेळी बापाचा भरून आलेला गळा. एक शब्द खाली पडू द्यायचो नाही मी. आणि सूर्यभान काय करायचा, तर माझा आवाज सगळा काढून टाकायचा आणि वर सिनेमातलं गाणं लावायचा. चारशे लग्नं केली मी. एकाही लग्नात माझं ऐकलेलं शिल्लक राहिलं नाही.

मग स्टुडिओत अजिनाथ कामाला आला. शेवगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचा, उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. नगरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तो "मी पानी पिऊन येतो" म्हणाला होता आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून ण जिभेवर नीट बसवल्याशिवाय तो तोंडातून सोडायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण कानाला हेडफोन लावून माझं ऐकणारा तो पहिला माणूस. एका लग्नात पाठवणीचा आवाज ऐकताना तो एवढा गुंगला, की सूर्यभान तीनदा हाक मारून दमला.

अजिनाथला स्वतःच्या गावावर माहितीपट काढायचा होता. दिवाळी झाली की त्याचं निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत येतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. अजिनाथचे आईबापही ऊसतोडीच्या टोळीत असायचे. त्याला सांभाळलं ते त्याच्या आत्याने, बायडाबाईने. ती गल्लीतली दहा-अकरा पोरं एकटीने सांभाळायची. त्यांना जेवायला घालायची, शाळेत हाकलायची, उवा मारायची. उन्हाळ्यात आई आली की अजिनाथ आत्याच्या लुगड्याला धरून बसायचा. आईकडे जायचाच नाही. मग आत्याच त्याची बोटं एकेक करून सोडवायची.

सूर्यभान म्हणाला, "माईक घेऊन जा. इथं त्याचं काय काम हाय?" मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. अशी माझी स्वारी गावात आली. वाऱ्याचा घोंगाट लागू नये म्हणून अजिनाथने एका जुन्या टेडीचं कातडं काढून मला चढवलं. काठी म्हणून चिंचा झोडपायचा बांबू. तो धरायला चुलतभाऊ भागवत, कारण ट्रॅक्टर चालवून त्याचे दंड भरलेले. बायडाबाईने मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये मुंगूस कशाला बांधलंय काठीला?" तेव्हापासून त्या गावात मला कुणी माईक म्हणालं नाही.

आता चूक सांगतो. मी तिथेच होतो, त्यामुळे ऐकीव काही नाही.

बायडाबाई चुलीपुढे बसली होती. अजिनाथने विचारलं, पोरांना सांभाळताना काय वाटतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "उपाशी न्हाई झोपलं कुनी माझ्याकडं. पन आई न्हाई म्हनून रडत झोपली पोरं, त्याला मी काय करू?" 'म्हनून'च्या आधी तिने आवंढा गिळला. तो आवंढासुद्धा मी टिपला. असं बोलणं चारशे लग्नांत एकदाही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

आणि अजिनाथ म्हणाला, "आत्या, पुन्हा एकदा. म्हनून नाही, म्हणून. आणि न्हाई नको, नाही म्हण. पुण्या-मुंबईचे लोक बघणार आहेत."

तिने सहा वेळा म्हटलं. पाचव्या खेपेला भाकरी करपली. सहाव्या वेळी ती शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं बोलली आणि तरीही अजिनाथचं समाधान झालं नाही. शेवटी त्याने नगरला एका बाईंच्या कमावलेल्या आवाजात ते वाक्य भरून घेतलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं.

माहितीपटाचं पुण्यात कौतुक झालं. अजिनाथला शाल मिळाली, पेपरात फोटो आला. मग गावात दाखवायचं ठरलं. शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून. पडद्यावर बायडाबाई आली, तिचे ओठ हलले आणि त्यातून त्या नगरच्या बाई बोलल्या. हॉलमधली बायडाबाई पदर सावरून पुढे सरकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आज्या, माझ्या तोंडातून ही कोन बाई बोलतीया रं?"

लोक हसले. ती हसली नाही. पोरांना गोळा करून ती मधूनच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ तिच्या घरी गेला. ती रागावली नाही, भांडली नाही. दारात आली आणि म्हणाली, "या. बसा. आपण चहा घेणार का?" एकेक अक्षर छापल्यासारखं. ज्याला ती आज्या म्हणायची, ज्याचं नाक तिने पदराने पुसलं होतं, त्याला तिने अहो-जाहो केलं. अजिनाथ म्हणाला, "आत्या, असं काय बोलतीस?" ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत." शेजारणीशी ती पहिल्यासारखीच बोलायची. फक्त अजिनाथ दिसला की तिची भाषा पुस्तकी व्हायची. मित्रांनो, शिवी परवडली असती त्याला.

त्यानंतर त्याने मला पत्र्याच्या पेटीत टाकलं. माझ्याकडे बघवत नसेल. तो पुढे जात राहिला. हिवरे बाजारला जाऊन पाण्यावर माहितीपट केला, आणखी कुठे दुधावर, कुठे शाळांवर. कामं चांगली होती, नाव झालं, नवे माईक आले. मी मात्र पेटीत तीन वर्षं पडून होतो, आणि माझ्या पोटात त्याने पेन्सिल सेल तसाच विसरला होता. तो सेल पाझरला. पोटात पांढरा-हिरवा खार धरला. वापरून झिजणं मला मान्य आहे. पण विसरून सडवलं, याचा मला अजूनही राग आहे.

चौथ्या वर्षी अजिनाथला मोठा सिनेमा मिळाला. पुण्याचे निर्माते होते. गोष्ट त्याचीच, परक्यांची पोरं सांभाळणाऱ्या एका म्हातारीची. पुण्याची एक नटी म्हातारी व्हायला तयार झाली. बाई गुणी होती, पण तिच्या तोंडी 'न्हाई' असं यायचं, जसं काही पाहुण्याने दुसऱ्याची चप्पल घातली आहे. अजिनाथने आठ दिवस तिच्या तालमी ऐकल्या, माफी मागून तिला मोकळं केलं आणि पेटी उघडली.

तो मला घेऊन भिंगारला गेला. सूर्यभानने झाकण उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सेल काढून ठेवायला काय झालं हुतं? दोन बोटांचं काम." मग लिंबाच्या रसात कापूस बुडवून त्याने माझं पोट तासभर पुसलं. नवा सेल घातला. मी बोललो, म्हणजे ऐकलं. पहिला आवाज आला तो बाहेर चहाच्या कपबशा विसळल्याचा. फार बरं वाटलं मला.

तिथून आम्ही थेट बायडाबाईच्या अंगणात. "या. बसा," ती म्हणाली. अजिनाथने तिला सिनेमात काम करशील का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आम्हाला शुद्ध येत नाही. शहरातली एखादी बाई पाहा."

त्याने वाद घातला नाही. हेडफोन तिच्या कानांना लावला आणि जुनं यंत्र सुरू केलं. त्यात तिचं पहिल्यांदा बोललेलं होतं, आवंढ्यासकट. तिने डोळे मिटून ऐकलं. शेळी मध्ये आली तर हाताने बाजूला केली. मग म्हणाली, "हे तुम्ही पुसलं नव्हतंत?"

"न्हाई पुसलं," अजिनाथ म्हणाला. "लाज मला माझ्या बोलन्याची हुती, आत्या. आन् तोंड तुजं दाबलं."

बोलन्याची. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'ण'च्या जागी 'न' मी पहिल्यांदा ऐकला. तिनेही ऐकला असणार, कारण ती बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पण विरघळली वगैरे काही नाही. म्हणाली, "दोन अटी आहेत. मी एकदाच बोलेन. आणि माझ्या तोंडातून मीच बोलेन." अजिनाथने मान हलवली. भाषा मात्र तिने बदलली नाही.

शूटिंगला मुंबईचा ध्वनिमुद्रक आला, त्याच्यासोबत चकचकीत नवा माईक. बायडाबाईने त्या नव्या माईककडे पाहिलं आणि भागवतला विचारलं, "मुंगूस कुठं हाय? त्याच्यापुढंच बोलन." म्हणून दोघांनाही बांधलं. खोटं कशाला बोलू, नव्यालाही चांगलं ऐकू येतं. पण तिने पाहिलं माझ्याकडे.

सिनेमातला तो प्रसंग असा. सहा महिन्यांनी टोळी ट्रॅक्टरमधून परत येते. आई उतरते, हात पुढे करते, आणि दोन वर्षांचं पोर तिला ओळखत नाही. म्हातारीला घट्ट धरून बसतं. कागदावर म्हातारीचं वाक्य होतं, "जा बाळा, ती तुझी आई आहे." बायडाबाईने कागद वाचलाच नव्हता. तिने पोराची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "जा. आई हाय ती तुजी. मी कोन न्हाई."

त्याच क्षणाला ट्रॅक्टरवर बसलेल्या भागवतला वाटलं, झालं आपलं काम. त्याने ट्रॅक्टर चालू केला. धडधड, धडधड, नेमकी 'मी कोन न्हाई'वर.

ध्वनिमुद्रकाने हात वर केला. कुणीतरी म्हणालं, पुन्हा घेऊ. अजिनाथ जागचा हलला नाही. एकदाच, असं ठरलं होतं.

पुण्यात निर्माते ऐकून म्हणाले, "सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आणि त्यावर ट्रॅक्टर? चांगल्या नटीकडून भरून घ्या." अजिनाथ म्हणाला, "नाही." ते म्हणाले, वितरक हसतील. तो म्हणाला, हसू द्या. ते म्हणाले, मग नाव आमचं कशाला लावायचं? अजिनाथ म्हणाला, "तुमचं नाव काढा हवं तर. तिचा आवाज निघणार नाही." चार दिवस बोलणं बंद होतं. पाचव्या दिवशी निर्माते पुन्हा येऊन बसले, तो प्रसंग दोनदा ऐकला आणि म्हणाले, राहू द्या. मला माझ्या माणसाचा अभिमान वाटला, हे सांगायला मला लाज नाही.

सिनेमा लागला, चालला. पण अजिनाथचा जीव अडकला होता गावातल्या खेळात. तोच हॉल, त्याच सतरंज्या. लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात हे नंतर ऐकायला त्याने मला कोपऱ्यात चालू ठेवलं. तो प्रसंग आला. ट्रॅक्टर धडधडला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "भागवतचा हाय त्यो." हॉल हसला. आणि हसता हसताच सगळे पुढे वाकले, कारण धडधडीतून म्हातारी काय म्हणते ते ऐकायचं होतं. त्यांनी ऐकलं. पुढे बराच वेळ हॉलमध्ये शेंगांची सालंसुद्धा वाजली नाहीत. सहा महिने पोरं मागे ठेवणाऱ्या बाया होत्या तिथे.

खेळ संपला. लोक पांगले. अजिनाथ मला बंद न करताच सतरंज्यांच्या घड्या घालत माझ्या कोपऱ्यात बसला होता. बायडाबाईकडे जायची त्याची हिंमत होत नव्हती. तीच आली. आधी माझ्या कातड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आज्या, मीच बोलले रं त्या पडद्यावरल्या बाईच्या तोंडातून."

"व्हय, आत्या."

"चल घरी. भाकर टाकते. लई वाळलाईस."

मित्रांनो, आता अजिनाथ रोज काम संपलं की माझा सेल काढून ठेवतो. तुमच्याकडेही काही जुनं पडलं असेल, रेडिओ, बॅटरी, खेळण्यातली मोटार, तर आजच झाकण उघडून बघा. दोन बोटांचं काम आहे. आणि घरातलं कुणी तुमच्याशी बोलत असेल तर ते कसं बोलतंय हे दुरुस्त करायच्या आधी काय म्हणतंय ते ऐका. मी जन्मभर हेच केलं आहे.

त्या दिवशी हॉलमध्ये मी चालूच होतो. 'आज्या'पासून 'वाळलाईस'पर्यंत सगळं माझ्यातून यंत्रात उतरलं आहे. अजिनाथने ते कुठल्या सिनेमात घातलं नाही, वेगळं जपून ठेवलं आहे, आणि त्यावर गाणं लावलेलं नाही.