नव्या नंबरचा ड्रायव्हर

मदनआप्पांच्या घरात कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात दोन बिऱ्हाडं होती. बटण दाबलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरच्या ओळीत विंडोज. तिथं आप्पा आपल्या खताच्या दुकानाची बिलं करायचे. खालच्या ओळीत लिनक्स. तिथं त्यांची सून श्रद्धा अजून न बांधलेल्या घरांच्या फिल्मा करायची, आतून फिरून आल्यासारख्या. तिच्या नवऱ्यानं, भरतेशनं, एकाच मशीनची अशी वाटणी करून दिली होती. वाटणी होऊनही भांडण नाही, असं समडोळी गावातलं हे बहुधा एकमेव उदाहरण.

जैनांच्या पर्वाचे दहा दिवस संपले आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे एकमेकांना हात जोडतात, कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात. समोरचा 'उत्तम क्षमा' म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. घाईत असलेला माणूस चपला शोधताशोधताच क्षमा देऊन टाकतो. लहान-मोठं त्या दिवशी कुणी बघत नाही, म्हणून आप्पांनीही सुनेपुढं हात जोडले. फक्त ते हात जरा जास्तच वेळ जोडलेले राहिले.

"कळत-नकळत काय चुकलं असंल तर..."

"आवं मामंजी, काय हे! उत्तम क्षमा," श्रद्धा संकोचून म्हणाली आणि मोबाईलवर आलेल्या क्षमेच्या फोटोंना उत्तरं देत घरी आली.

दुपारी तिनं कॉम्प्युटर लावला, खालची ओळ निवडली आणि पडदा काळा झाला. ठार काळा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वरची ओळ निवडली तर विंडोज झकास चालू. म्हणजे मशीन धडधाकट होतं, बिघाड फक्त तिच्या बिऱ्हाडात होता.

वाईला कृष्णेकाठी एक घर व्हायचं होतं, त्याची फिल्म साताऱ्याच्या आर्किटेक्टबाईंना संध्याकाळपर्यंत हवी होती. आवडली तर कायमचं काम मिळणार होतं. लग्नाआधी पुण्यात ती हेच करायची. लग्न झाल्यापासून कुणी काय करतेस विचारलं की तिला 'घरीच असते' म्हणावं लागे. ते उत्तर तिला पुन्हा द्यायचं नव्हतं, बस.

चित्रांशिवाय, नुसत्या पांढऱ्या अक्षरांवर सिस्टीम चालू करायची एक आडवाट असते. त्या वाटेनं ती आत शिरली आणि काय काय बदललंय ते वाचू लागली. आदल्या दुपारी कुणीतरी पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला होता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यातला दुभाषा. दोन्ही सिस्टीमना आपापला वेगळा लागतो. जुना काढून तिथं सगळ्यात नवा घातला होता, आणि हे म्हातारं कार्ड त्या नव्याच्या ओळखीतलंच नव्हतं.

काल दुपारी ती बस्तीत होती. भरतेश कोल्हापूरला. सासूबाईंनी कीबोर्डला कधी बोटही लावलं नव्हतं. पासवर्ड उरलेल्या एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो तिनंच विश्वासानं सांगितला होता. तिला सकाळचे ते जोडलेले हात आठवले. चूक कुणाकडूनही होते, त्याचा तिला एवढा राग आला नाही. पण आपल्याकडून क्षमा काढून घेतली, तीही कशाची ते न सांगता! तिला फसवल्यासारखं वाटलं.

तिनं साताऱ्याला कळवलं, ड्रायव्हर बिघडलाय, उशीर होईल. बाईंचं उत्तर आलं, रात्रीपर्यंत चालेल, पण त्याच्या पुढं नाही. मोबाईलच्या नेटवर जुना ड्रायव्हर रडतखडत उतरायला लागला.

"श्रद्धा, जेवायला ये गं. दिवस बुडायला लागलाय," सासूबाईंनी, विजयमालाबाईंनी, स्वयंपाकघरातून हाक मारली. दिवस बुडाल्यावर त्या घरात कुणी खात नसे. मग त्या आप्पांना म्हणाल्या, "आवं, तुमी तरी घास घ्या. ताटाकडं काय बघत बसलाय?"

आप्पा ताटावरून उठले आणि श्रद्धाच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, त्यो ड्रायव्हर मी बदलला."

"ठाव हाय." तिनं मान वळवली नाही.

"माझ्या विंडोजला मागच्या महिन्यात नवा घातला, लय पळायला लागलं. म्हटलं तुझंबी करावं, तुझ्या फिल्मच्या आधी. यादीत दोन नंबर हुते, मी मोठा घेतला. उसाचं बेणं घेताना घेतो तसा. नवा नंबर म्हंजे नवी जात."

"आणि रान बघितलं न्हाईत."

उसात ही चूक आप्पांनी जन्मात केली नसती. "न्हाई बघितलं. पडदा काळा झाला तसा घाबरलो. बंद केलं आणि गप बसलो. सकाळी मागितली ती क्षमा खोटी हुती."

"मी दिलेलीबी खोटीच झाली मग. कशाची देते, हेच मला ठाव नव्हतं."

ड्रायव्हर उतरला. तिनं नवा काढला, जुना बसवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. दोन ओळी आल्या. तिनं खालची निवडली. पडदा क्षणभर काळाच राहिला, आप्पांनी दाराची चौकट घट्ट धरली, आणि मग रंग आले. श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं फिल्म तयार करायला लावली.

बाहेर दिवस बुडाला होता. विजयमालाबाई भांडी झाकत होत्या. आता दोघांनाही सकाळपर्यंत उपास.

आप्पांनी पुन्हा हात जोडले. "तुला न विचारता तुझ्या कामात हात घातला. बिघडल्यावर गप बसलो. आणि सणाच्या नावाखाली तुझ्याकडनं क्षमा काढून घेतली."

श्रद्धा त्यांच्याकडे वळली. "ड्रायव्हर बदलल्याची क्षमा, मामंजी. मनापासून. गप बसल्याचीबी. सकाळच्याची आज न्हाई होत."

"मग कवा?"

"ठाव न्हाई. झाली की सांगीन."

"सांग. खरी झाल्यावरच सांग," आप्पा म्हणाले. त्यांनी भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि रिकाम्या पोटी तिच्या शेजारी बसले. पडद्यावर वाईच्या त्या घराचं दार हळूहळू उघडत होतं.