सोफ्याला शोभेल असा सरडा

"तुमची जीवनशैली कशी आहे ते सांगा, प्राणी मी सांगते," दुकानातली बाई म्हणाली, आणि सजावटकाराची कळी खुलली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानात कुणी इतकं समजूतदार बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"शांत," तो म्हणाला. "मोकळी. राखाडी."

लोकांची घरं सजवून देणं हा त्याचा धंदा. हाताखालचे सुतार आणि रंगारी त्याला पाठीमागे राखाडीशेठ म्हणायचे, कारण गिऱ्हाईक लाल मागो की पिवळा, भिंतीला शेवटी राखाडीच लागायचा. स्वतःच्या घरात तर त्याने ताळतंत्रच सोडलं होतं. सोफा राखाडी, पडदे राखाडी, फ्रीज कपाटात लपवलेला, कपाट भिंतीत लपवलेलं, आणि संडासाचं दार शोधता शोधता पाहुण्यांना घाम फुटायचा. बायकोला मात्र बाहेरचं दार बरोबर सापडलं. मुलीला घेऊन ती गेली त्याला दोन-तीन वर्षं झाली होती.

मुलगी दहा वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून घरीदारी सगळे तिला खारूच म्हणत. शनिवार-रविवार ती बापाकडे राहायची, पण हल्ली निघताना कुरकुर करू लागली होती. "मी तिला बळंबळं पाठवणार नाही," तिच्या आईने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "ती म्हणते, बाबाकडे बसायला जागाच नाही."

जागा नाही! नऊ माणसं बसतील असा सोफा पडला होता घरात. पण सजावटकार हादरला. पोरीवर त्याचा जीव होता, अगदी खरा, आणि ती यायची बंद झाली तर आपल्याकडे सोफ्याशिवाय काही उरणार नाही हे त्याला कळत होतं. ती कधीची कुत्रा मागत होती. आता कुत्रा म्हटलं की केस आले, नखं आली, लाकडी जमिनीवर ओरखडे आले, आणि दारात कुणी आलं की भुंकणं आलं. तेव्हा त्याने सुवर्णमध्य काढला. घरात प्राणी हवा, पण त्याने प्राण्यासारखं वागू नये.

"मग कासव घ्या," बाई म्हणाली. "गवत खातं, पाला खातं, कटकट नाही. सत्तर-ऐंशी वर्षं जगतं."

"म्हणजे मी गेल्यावरही त्याच सोफ्याजवळ राहणार? सोफ्याचं कापड तरी तितकं टिकेल का?"

"अजगर? आठवड्यातनं एकदा जेवतो. मात्र त्याचे उंदीर तुमच्या फ्रीजमध्ये ठेवावे लागतील, गोठवून."

आपला तो कपाटातला फ्रीज त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो घाईने पुढच्या पेटीकडे वळला. मग घोरपडीचा एक हिरवागार नातलग झाला, जो वाढता वाढता सोफ्याएवढा लांब होतो म्हणे. एक ठिपक्यांची पाल झाली. ती दिवसभर दगडाखाली झोपते. "दिसणारच नसेल तर घ्यायची कशाला?" त्याने विचारलं. रंग बदलणारा सरडा त्याला मनापासून भावला होता, पण त्या जातीला माणसाने नुसतं टक लावून बघितलं तरी ताण येतो, असं बाई म्हणाली. असली गिऱ्हाइकं त्याला धंद्यातच पुरेशी होती.

शेवटी एका पेटीत दगडावर एक दाढीवाला सरडा बसलेला दिसला. वाळूच्या रंगाचा, हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी, आणि चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा. हलत नव्हता, बोलत नव्हता, कुणाचं काही मागत नव्हता. सजावटकाराने खिशातलं रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड काढलं आणि पट्ट्या एकेक करून सरड्याच्या पाठीशी धरून पाहिल्या. बाईने आजवर लोकांना प्राण्याचं वय विचारताना पाहिलं होतं, खाणं विचारताना पाहिलं होतं. हे काहीतरी नवीन होतं.

"वाळू आणि राखाडी. जमतंय," तो म्हणाला.

"एक लक्षात ठेवा," बाईने पैसे घ्यायच्या आधी बजावलं. "हा गरम दिवा दिवसभर चालू राहिला पाहिजे. याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही. ऊन नाही मिळालं तर खाल्लेलं पचत नाही, मग हा खाणं सोडतो, काळवंडतो, आणि एक दिवस संपतो."

"हो, हो," तो म्हणाला. गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरात मांडणी जास्त मागितली की तो असाच हो हो म्हणायचा आणि नंतर स्वतःला हवं तेच करायचा.

पेटी त्याने सोफ्याशेजारी, भिंतीच्या मापाने करून घेतली. शनिवारी खारू आली, पाहिलं, आणि दप्तर भर हॉलमध्ये टाकून पेटीपुढे फतकल मारून बसली. "बाबा, हा तर आजोबांसारखा दिसतो!" ती म्हणाली, आणि सरड्याचं नाव आजोबा पडलं. दिव्याखाली आजोबा पिवळेधमक झाले होते. त्यांनी खारूच्या बोटांतून किडे खाल्ले, तिच्या खांद्यावर चढले, तिथेच डोळे मिटून पडले. रविवारी आई न्यायला आली तेव्हा खारू आपणहून म्हणाली, "पुढच्या शनिवारी लवकर येते हं, बाबा." त्या रात्री सजावटकाराला इतका आनंद झाला की जमिनीवर पडलेला किडा त्याने स्वतःच्या हाताने उचलला.

इथवर सगळं छान होतं. मग एका गृहसजावटीच्या मासिकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. सजावटकाराचं स्वतःचं घर त्यांना छापायचं होतं, चांगली सहा पानं, आणि फोटो शनिवारीच काढायचे होते. "मुलगी असेल तर उत्तमच," बाई म्हणाल्या. "घर जिवंत वाटतं."

तो हरखून गेला आणि घराकडे फोटोच्या नजरेने बघू लागला. बघतो तर काय, गरम दिव्याचा नारिंगी डाग थेट राखाडी भिंतीवर! पानावर किती घाणेरडा दिसला असता. त्याने तो दिवा काढून माळ्यावर टाकला आणि पेटीच्या कडेला आतून पांढऱ्या दिव्यांची बारीक पट्टी बसवली. उजेड तोच, शिवाय डोळ्यांना थंड. दिव्याचा उपयोग उजेडासाठी असतो, असं या माणसाचं वीस वर्षांचं शिक्षण सांगत होतं.

दोन दिवसांत आजोबांचा पिवळा रंग गेला. ते दगडावरून उतरले नाहीत, किड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि हळूहळू मानेपासून शेपटीपर्यंत करडे होत गेले. माणूस आंधळा असला तर त्याला हाताला धरून नेता येतं, पण ज्याच्या डोळ्यांना फक्त रंगच दिसतात त्याला कोण नेणार? सजावटकाराने परत कार्ड काढलं. सोफ्याच्या रंगाची पट्टी तंतोतंत जुळली! त्याने ताईला फोन करून सांगितलं, "अगं, जनावर आहे, पण घराची जाण बघ केवढी!" ताई म्हणाली, "तुझ्या बायकोचाही रंग असाच उडाला होता. तेव्हाही तू खूशच होतास." त्याने फोन ठेवला. ताईला नाहीतरी टोचून बोलायची सवयच होती.

शनिवारी खारू लाल स्वेटर घालून आली. हॉलमध्ये फोटोवाला कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होता. संपादिकाबाई फुलदाणी इकडची तिकडे करत होत्या. खारूसाठी पलंगावर राखाडी फ्रॉक काढून ठेवला होता, पण ती तिकडे गेलीच नाही. तिने थेट पेटीत हात घातला.

"बाबा, आजोबा गार पडलेत!"

संपादिकाबाई दचकून आतल्या खोलीकडे बघू लागल्या.

"अगं, तो शांत झालाय," सजावटकार म्हणाला. "रंग बघ ना किती छान आलाय."

"तो आजारी आहे. दिवा कुठाय? गरम दिवा?"

"माळ्यावर आहे. फोटो झाले की लावू."

"आत्ता लाव."

"खारू, हे लोक किती लांबून आलेत. खिडकीतला उजेड चाललाय. दहा मिनिटं. दहाच मिनिटांनी काय होतंय?"

ती रडली नाही, भांडली नाही. ते केलं असतं तर त्याला समजूत घालता आली असती. गिऱ्हाइकांची घालायचा तशीच. तिने आजोबांना दोन्ही हातांनी उचललं, स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि आईला फोन लावला. बोलून झाल्यावर बाहेरच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली. सोफा इकडे रिकामाच होता.

आई आली. तिने गाडीतला हीटर चालू करून ठेवला. सजावटकार दारापर्यंत धावत आला.

"अगं, त्याला कशाला नेतेस? त्याला घर आहे इथे. मापाने करून घेतलंय."

खारूने त्याच्याकडे बघितलं. "मलापण इथे मापाने केलेली खोली आहे, बाबा," ती म्हणाली. स्वेटरच्या गळ्यातून आजोबांचं काळवंडलेलं तोंड जरासं बाहेर आलं होतं. तिने ते हलक्या हाताने आत घेतलं आणि गाडीत बसली. पुढच्या शनिवारचं तिने काढलं नाही, आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

तो आत आला तेव्हा फोटोवाला डोळा बारीक करून त्याच कोपऱ्याकडे बघत होता. राखाडी सोफा, राखाडी भिंत, आणि मधे पांढऱ्या उजेडात रिकामी काचेची पेटी.

"साहेब, खरं सांगू?" फोटोवाला म्हणाला. "मुलगी नाही, सरडा नाही, असंच जास्त छान दिसतंय."

सजावटकाराने पाहिलं. त्याला तोंड फिरवायचं होतं, ओरडायचं होतं, त्या माणसाला तिकाटण्यासकट बाहेर काढायचं होतं. पण वीस वर्षं कमावलेली नजर ऐकेना. खरंच छान दिसत होतं.

"काढा," तो म्हणाला.