मावजीभाईंच्या गालातला कापूस

"काका, आज तोंड असं आवळून का धरलंय? दुखतंय का?" हॉस्पिटलात किरणांचं मशीन चालवणाऱ्या रसिलाबेनने विचारलं.

मावजीभाईंनी नुसती मान हलवली. बोलायला गेले असते तर बिंग फुटलं असतं. डाव्या गालात त्यांनी मलमलीत शिवलेली कापसाची गादी दडवली होती. राजकोटात कोट शिवण्यात उभी हयात गेलेला माणूस. खांदा बसका दिसला की आत गादी घालायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मशीनच्या टेबलावर ते उताणे झाले. रसिलाबेनने चेहऱ्यावर जाळी चढवली आणि कडा खटाखट अडकवल्या. घशातल्या गाठीवर किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून त्यांच्याच चेहऱ्याच्या मापाने केलेली ही जाळी. पण घास गिळवेना, गाल बसले, जाळी सैल पडली. आणि जाळी सैल पडली की मशीन बंद, घरी रवानगी! शेजारच्या बाकावरचे लखुभाई असेच गेले. 'नवी जाळी करावी लागेल' असं त्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस दिसलाच नाही. मावजीभाईंनी त्याचा काय तो अर्थ लावून टाकला होता.

"आज छान बसली हं! हलू नका. काही वाटलं तर हात वर करा."

ती बाहेर गेली. जड दार लागलं. मशीन घुमायला लागलं, आधी फोटो काढण्यासाठी. तेवढ्यात गादी जिभेवरून मागे सरकली. ती पुढे रेटावी तर जाळीत जबडा हलेना. अरे देवा! घशाशीच आली की! हात वर करावा तर चोरी पकडली जाणार, न करावा तर इथेच खेळ खलास. बाहेर बाकावर बायको, कांचन, बसलीय. तिला काय सांगतील हे लोक?

हात वर गेला.

रसिलाबेन धावत आली, जाळी उघडून तिने त्यांना कुशीवर वळवलं. गादी बाहेर पडली.

"हे काय काका? गादी कोटाला घालतात की गालाला? जीव गेला असता! आणि किरण भलतीकडेच पडले असते ते वेगळंच." तिने गादी उचलून त्यांच्यासमोर धरली. "कधीपासून चाललंय हे?"

"आजच, बेन. आईशप्पथ! पण लखुभाईंसारखं मला घरी पाठवू नका हो."

"लखुभाईंना कुणी पाठवलं? जन्माष्टमीची, सातम-आठमची जत्रा आहे म्हणून स्वतःच गेले ते. फोन करून करून थकलो आम्ही, उचलतच नाहीत. तुमची नवी जाळी आजच करू. समजलं?"

मावजीभाईंना हायसं वाटलं आणि लाजही वाटली. मघाशी उगाच मेलो असतो, असं त्यांनी कांचनला सांगितलं, तेव्हा ती बिचारी पदराने डोळे पुसत राहिली.

दुपारी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक घेऊन रसिलाबेन त्यांच्या उशाशी आली. मावजीभाईंनी तिचं मनगट धरलं.

"बेन, माप घेताना थोडी ढील ठेवा. माझे गाल परत भरून येणार आहेत ना."

"ठेवते हं काका," ती म्हणाली, आणि ते मऊ प्लास्टिक त्यांच्या खोल गेलेल्या गालांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून बसवू लागली.