आगाऊ दुखवटा

अडोमाला तालुक्याच्या हायस्कुलात जागा मिळाली, वसतिगृहासकट. लाकडी पेटी भरून झाली. कसाव्याच्या कंदाचा भाजका रवा, म्हणजे गारी, सुक्या मासळीच्या तिखटाची बाटली, साखर, वर कुलूप. राहिलं होतं फक्त डोकं भादरायचं.

मुलींनी केस वाढवायचे नाहीत, असा आमच्या घानातल्या शाळांचा हट्ट. केसांपायी अभ्यास बुडतो म्हणे. परदेशी लोकांच्या पोरी त्याच वर्गात लांब केस सोडून बसतात, त्यांचा बरा बुडत नाही! मी बाजारात वेण्या घालून पोट भरते. मला विचाराल तर ही शुद्ध गुलामी आहे. पण मला विचारतो कोण?

मी कात्री घेऊन स्टुलापाशी उभी, अडोमा दाराला पाठ लावून.

"नाही कापायचे, आत्या."

"अगं, फाटकातनंच परत पाठवतील."

"पाठवू देत. आई गेली तेव्हा कापले होतेस. आता बाबा खोकतोय, आणि तू परत कात्री घेऊन आलीस."

मी कात्री खाली घेतली. आमच्यात माणूस मेलं की त्याची लेकरं डोकं करतात. बाप जिता असताना पोरीचे केस उतरवायचे म्हणजे त्याला जितेपणी पुरायचं. माझा भाऊ ओफोरी चटईवर पडून ऐकत होता. खाणवाल्यांनी सोनं नेलं, धूळ तेवढी त्याच्या छातीत ठेवली.

"ती कात्री इकडे आण," तो म्हणाला.

"दादा, तू पड बरं."

"पुढं पडूनच राहायचंय. आण."

भिंत धरत तो आला. लेकीला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"पोरी, मी काही जगत नाही. तुला ठाऊक आहे, मलाही. मग लपवायचं कुणापासून? हे केस माझेच समज. माझा दुखवटा आज, माझ्यादेखत. मी गेल्यावर कुळातले लोक तुला न्यायला येतील. रडायला बसवतील आणि शाळेत परत धाडायचं विसरतील. तू यायचं नाहीस. आणि तू," तो माझ्याकडे वळला, "तिला कळवायचं नाहीस. शब्द दे."

मी दिला.

"तुला पुरायलाही येऊ नको?" अडोमा म्हणाली.

"पुरायला पुष्कळ येतात. जेवण असतं ना."

ती हसली, मग रडायला लागली. त्यानं स्वतःच कापायला घेतलं. कात्री कानाला लागली.

"बाबा, तू खाणीतच बरा होतास," ती हुंदक्यातून म्हणाली.

मागची बाजू मी सारखी केली.

शाळेचं दुसरं सत्र चालू असताना तो गेला. कुळातले वडीलधारे माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. "लेक कुठंय? बापासाठी डोकंही करणार नाही?"

"केलंय," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही नव्हतात. तो खोकत होता तेव्हा तुमच्यातलं कुणीच नव्हतं."

एकजण माझ्या उंबऱ्यावर थुंकला. थुंकू दे. मी निरोप धाडला नाही.

सुट्टीत अडोमा घरी आली. चटईची जागा मोकळी होती. ती तिकडे बघूनच समजली. केस पेरभर वाढले होते. तिनं स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"काप, आत्या," ती म्हणाली. "तेव्हाचे शाळेनं घेतले. हे बाबाचे."