चिचुंद्रीची शीळ

"पुढे मी एकटीच जाते," मी म्हटलं. "शीळ ऐकू आल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

"जा बाई. आम्ही तोवर चहा ढोसतो," लांब्या म्हणाला.

भुयाराचा नकाशा माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला होता. फासे, सोंगट्या आणि गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार. आमचा हा खेळ कॉलेजपासूनचा. त्यात प्रत्येकाचं एकेक पात्र. मी चिचुंद्री, सगळ्यांच्या आधी जाऊन अंधार हुंगणारी. बाळ झाल्यापासून खेळ सुटला होता. नवरा फिरतीवर असतो, म्हणून आज सगळे माझ्याच घरी जमले होते. चिचुंद्री आज मेली, तर नवं पात्र रुजवण्याइतकी उसंत मला पुन्हा कुठून मिळणार होती?

पुढे गेलेल्याला जे दिसतं, ते मागच्यांनी ऐकायचं नाही. म्हणून सूत्रधार माझ्यामागे आतल्या खोलीत आला. शीळही खरीखुरी घालायची, बाहेर ऐकू गेली तरच मदत. दोन्ही नियम माझेच. लांब्या फार कान लावून बसायचा.

आत बाळ कुरकुरत होतं. सकाळपासून त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. त्याला खांद्यावर घेऊन थोपटत राहिले.

"पुढे दालन आहे," सूत्रधार कुजबुजला. "कोपऱ्यात काहीतरी मोठं झोपलंय."

"मी मागे फिरते."

आवाज नको म्हणून फासा गादीवर टाकला. दान कमी पडलं.

"पायाखालचा दगड निसटला. ते उठलंय, तुझी वाट अडवून उभं आहे. घाल शीळ."

नेमकं तेव्हाच बाळाचं अंग सैल झालं. उघडं तोंड माझ्या मानेवर टेकलं. बाहेर सगळे कशावर तरी खो खो हसले. बाळ दचकलं, पुन्हा विसावलं.

"मी सांगू का त्यांना, बाळ झोपलंय म्हणून?" सूत्रधाराने विचारलं.

चाललं असतं. पण मग बाळाची आई म्हणून सवलत मिळालेली चिचुंद्री, ती कसली चिचुंद्री?

मी मानेनेच नको म्हटलं. त्याने फासे टाकले, पुन्हा टाकले, आणि माझ्याकडे न बघता उचलून घेतले.

आम्ही बाहेर आलो.

"काय गं, आम्ही तलवारी उपसून बसलोय! शीळ कुठाय?" लांब्या ओरडला.

"चिचुंद्री गेली," सूत्रधार म्हणाला.

"अशी कशी गेली? काहीच ऐकू नाही आलं!"

मी खांद्याकडे बोट दाखवलं. लांब्याने जीभ चावली. नंतर सगळे माझ्यासाठी हळू आवाजात खेळले. नकाशावरून त्यांच्या सोंगट्या दुसऱ्याच वाटेने निघाल्या. उठताना जो तो "पुढच्या वेळी नवं पात्र घे हं" म्हणाला, चपला शोधता शोधता.

दार लावलं. टेबलावर त्यांचे रिकामे कप होते, आणि नकाशाच्या पार टोकाला माझी सोंगटी.

ओठांचा चंबू करून बघितला. नुसती हवा आली. बाळाच्या टाळूवरचे केस हलले.